सरकारी इमारतींची शाकारणी कोण करणार?

मे महिना निम्मा सरला की खानापूर तालुक्याच्या जांबोटी, कणकुंबी भागात घराघरांवर माणसे चढलेली दिसतात. फुटकी कौले काढायची, नवी सरकवायची, कुजलेला वासा किंवा रीप बदलायची, पन्हाळीतला पालापाचोळा उपसायचा, पावसाच्या तोंडावरच्या भिंतीला झडी बांधायची. मृग लागायच्या आत शाकारणी झाली नाही तर पुढचे चार महिने घरात राहणे मुश्कील होते, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक असते. त्याच गावातल्या सरकारी शाळेवर, अंगणवाडीवर, आरोग्य उपकेंद्रावर मात्र त्या पंधरवड्यात बहुधा कुणी चढत नाही. जुलैत वर्गात बादल्या मांडल्या जातात, मग अर्ज जातो, पाऊस ओसरल्यावर कुणीतरी येऊन मापे घेतो, अंदाजपत्रक वर सरकते, आणि मंजुरी येईतो पुढचा मृग दारात उभा असतो.

आपल्या भागात सरकारी इमारती कमी पडतात, अशी तक्रार प्रत्येक निवडणुकीत ऐकू येते. ती काही ठिकाणी खरीही आहे. पण मला त्याहून मोठी अडचण दिसते ती अशी की, इमारत बांधताना ती पुढे सांभाळणार कोण, कोणत्या पैशातून आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात, यातले काहीच ठरलेले नसते. हे ठरल्याशिवाय बेळगाव जिल्ह्यात नवी एकही वर्गखोली मंजूर करू नये, इतक्या टोकाला जायची माझी तयारी आहे.

याला उत्तर म्हणून सांगितले जाते की, सरकारी यंत्रणेला वेळेवर देखभाल जमतच नाही. हे मला मान्य नाही. बेळगावात तिने ती करून दाखवली आहे. हलगा-बस्तवाडच्या माळावर, पुणे-बेंगळूर महामार्गालगत उभे असलेले सुवर्ण विधानसौध पाहा. २००६ मध्ये बेळगावात पहिल्यांदा विधिमंडळाचे अधिवेशन भरले, ते दुसऱ्याच्या आवारात. मग स्वतंत्र इमारत उभी राहिली आणि ११ ऑक्टोबर २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. शेकडो कोटींची ही वास्तू पूर्ण क्षमतेने वापरली जाते ती हिवाळी अधिवेशनाच्या दहा-बारा दिवसांत. काही कार्यालये नंतर तिथे हलवली गेली, तरी उरलेले वर्ष तिचा मोठा भाग रिकामाच असतो. २०२२ मध्ये तिच्या समोर वाळत घातलेल्या शेवयांचे छायाचित्र सगळीकडे फिरले. लोकांनी सफाई काम करणाऱ्या बाईला दोष दिला. मला त्या छायाचित्रात एवढी मोठी मोकळी जागा वर्षभर कुणाच्याच उपयोगाची नाही, हेच ठळकपणे दिसले.

मराठी माणसाला या इमारतीबद्दल जे वाटते ते वेगळे आहे, आणि दर अधिवेशनाला होणाऱ्या महामेळाव्यातून ते बोलले जाते. तो सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. इथे मला दुसरीच गोष्ट सांगायची आहे. अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की सार्वजनिक बांधकाम खाते कामाला लागते. रंग लागतो, दिवे बदलतात, नळ-शौचालये तपासली जातात, महामार्गापासून आतपर्यंतचे खड्डे बुजतात. त्या इमारतीला एक तारीख आहे आणि त्या तारखेला आमदार-मंत्री तिथे बसणार आहेत. म्हणजे जबाबदार माणूस, पैसा आणि मुदत या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की हेच खाते, हेच अभियंते, हेच कंत्राटदार वेळेत काम करतात. गावातल्या शाळेलाही अशीच तारीख आहे, मृगाच्या पावसाची. ती दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात येते आणि कुणाच्या सोयीसाठी पुढे ढकलता येत नाही.

या जिल्ह्याचा पाऊस समजून घेतल्याशिवाय इमारतींविषयी बोलण्यात अर्थ नाही. अथणीकडे वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. बेळगाव शहरात तो तेराशेच्या आसपास जातो. आणि मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीच्या परिसरात तो शहराच्या कितीतरी पट असतो. एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या हाताखाली कोरडवाहू पठार आहे आणि सह्याद्रीचा माथाही आहे. तरीही शाळेच्या खोलीचा नकाशा बऱ्याचदा एकच: चौकोनी खोली, सपाट स्लॅब, हातभर छज्जा. तो अथणीत चालून जातो. कणकुंबीत तीच खोली पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत पाझरू लागते, आणि थोड्या वर्षांनी स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे चढवावे लागतात. म्हणजे छपराचा खर्च दोनदा. जुन्या माणसांनी इथे उतरती पाखी, पुढे आलेली वळचण आणि भोवताली पडवी बांधली ती हौस म्हणून नव्हे. पाऊस भिंतीला लागू नये म्हणून.

जुन्या कौलारू शाळांचे गोडवे गाण्याचा मात्र माझा इरादा नाही. मुंबई इलाख्याच्या काळातल्या जांभ्या दगडाच्या शाळा अजून उभ्या आहेत हे खरे, पण माकडांनी कौले फोडली की ती बदलणारा कसबी माणूस आज गावात सहज मिळत नाही, आणि चांगला वासा मिळवणे त्याहून अवघड झाले आहे. म्हणून पत्रे घाला म्हणणाऱ्या पालकांना मी नावे ठेवत नाही. माझा मुद्दा इतकाच की, पश्चिम भागासाठी उतरत्या छपराचा, रुंद वळचणीचा वेगळा नकाशा सक्तीचा करावा. त्यासाठी नवे संशोधन करावे लागणार नाही. शेजारी चंदगड आणि सावंतवाडीकडे याच पावसात उभी असलेली बांधकामे पाहिली तरी पुरे.

सपाट स्लॅबचे दुखणे नेमके काय असते हे गावकऱ्यांना कुणी सांगत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. गच्चीवरचे पाणी जायचे तोंड पानांनी बुजते. पाणी साचते. कोब्याला केसाएवढी चीर पडलेली असते, तिच्यातून ते आत मुरते आणि लोखंडी सळीपर्यंत पोचते. सळी गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आणि आतून दाब देऊन खालचे काँक्रीट फोडतो. खालून पाहणाऱ्याला फक्त छताला पडलेला ओला डाग दिसतो, मग गिलाव्याचा फुगवटा, मग एके दिवशी तुकडा बाकावर पडतो. पहिल्या वर्षी ज्या कामाला एक गडी, एक झाडू आणि थोडे सिमेंट पुरले असते, त्याच कामाला सात-आठ वर्षांनी नवा स्लॅब लागतो. भिंतीत रुजलेल्या पिंपळाचेही तेच. बोटाएवढे रोप असताना ते उपटायला कुणाची मंजुरी लागत नाही, पण ते कुणाचे काम आहे हे कुठेही लिहिलेले नसते.

आता पैशाकडे येऊ, कारण खरी गाठ तिथे आहे. सरकारी हिशेबात नवी इमारत भांडवली खर्चात धरली जाते आणि दुरुस्ती महसुली खर्चात. कर्नाटकाने २००२ मध्ये, देशात सर्वांत आधी, वित्तीय जबाबदारीचा कायदा केला. महसुली तूट आवरण्याचा तो शहाणपणाचा प्रयत्न होता. पण पगार, पेन्शन, व्याज यांना कात्री लावता येत नाही, म्हणून महसुली खात्यात सगळ्यात आधी दुरुस्तीचा घास कापला जातो. भांडवली कामाला मात्र कोनशिला आहे, फीत आहे, फलकावर नाव आहे. बाराव्या वित्त आयोगाला हे दुखणे कळले होते. २००५ ते २०१० या काळासाठी त्याने राज्यांना सार्वजनिक इमारतींच्या देखभालीसाठी ५,००० कोटी रुपये वेगळे सुचवले, आणि राज्यांनी नेहमीच्या खर्चात कपात न करता ते वरून घालावेत अशी अट ठेवली. पुढे इमारतींची ही सोय टिकली नाही. ती टिकायला हवी होती. केंद्र देत नसेल तर राज्याने स्वतःच्या अंदाजपत्रकात तशीच राखीव तरतूद करावी आणि वर्षाच्या मध्यात ती दुसरीकडे वळवता येऊ नये.

शाळांच्या बाबतीत तर हिशेब आणखी विचित्र आहे. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला जे संयुक्त अनुदान मिळते ते पटावर ठरते. शंभरपर्यंत पट असेल तर वर्षाला २५,००० रुपये, पट अगदी कमी असेल तर त्याहूनही कमी. त्यातच खडू, वीजबिल, स्वच्छता, पिण्याचे पाणी, आणि उरलेच तर दुरुस्ती. आता हे जरा मांडून पाहा. समजा आज चार खोल्यांची शाळा बांधायला ६० लाख रुपये लागतात. इमारत नव्याने बांधण्याच्या खर्चाच्या दोन ते चार टक्के रक्कम दरवर्षी देखभालीवर घालावी, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९० मध्येच सांगून ठेवले आहे. त्यातला खालचा आकडा धरला तरी वर्षाला १,२०,००० रुपये होतात. हातात येतात २५,०००, तेही सगळ्याच खर्चासाठी.

पटाशी दुरुस्ती बांधण्याने सगळ्यात जास्त मार बसतो तो खानापूरच्या रानातल्या मराठी शाळांना. वस्ती लहान, मुले दहा-पंधरा, म्हणून अनुदान सगळ्यात कमी. आणि पाऊस सगळ्यात जास्त. छप्पर मात्र मुले मोजून लहान होत नाही. मुले कमी झाली म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून पालक दुसरीकडे नेतात, आणि मग पट घटला म्हणून शाळाच नको, अशी ही घसरण आहे. यात मराठी शाळांवर मुद्दाम अन्याय होतो का, हा प्रश्न मला अनेकजण विचारतात. शिक्षक नेमण्यात, फलकांत, कागदपत्रांत तो होतो, असे माझे ठाम मत आहे. छपरांच्या बाबतीत मात्र रामदुर्ग-सौंदत्तीकडच्या कन्नड शाळांचेही हाल मी पाहिले आहेत, आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरात घटप्रभा-मलप्रभेच्या काठी ज्या शाळा पडल्या त्यांत भाषेचा भेद नव्हता. म्हणूनच देखभालीच्या मागणीत कन्नड पालकांना आपण सोबत घ्यायला हवे. या मागणीपुरते तरी आपण आणि ते एकाच छपराखाली आहोत.

अनुदान ठरवायचे तर ते छपराच्या क्षेत्रफळावर, इमारतीच्या वयावर आणि त्या ठिकाणच्या पावसावर ठरवावे. या तिन्ही गोष्टी मोजायला सोप्या आहेत आणि तिन्हींत वशिला चालत नाही.

जबाबदारी कुणाची, हा प्रश्न पैशाहून गुंतागुंतीचा आहे. एकाच गावात शाळेची जुनी इमारत जिल्हा पंचायतीची, नवी खोली पंचायत राज अभियांत्रिकी खात्याने बांधलेली, अंगणवाडी निर्मिती केंद्र या आणखी एका सरकारी बांधकाम संस्थेने, समुदाय भवन लोक अजूनही ज्याला ‘लँड आर्मी’ म्हणतात त्या महामंडळाने. १९७४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आता कर्नाटक ग्रामीण मूलसौकर्य विकास मंडळ म्हणून ओळखली जाते. कर्नाटकाचा १९९९ चा सार्वजनिक खरेदी पारदर्शकता कायदा निविदा सक्तीची करतो, पण त्याच्याच ४(जी) कलमात सूट देण्याची सोय आहे, आणि त्या वाटेने अशा संस्थांकडे कामे थेट जातात. पूर, तातडीची गरज, दुर्गम जागा अशा वेळी ही वाट उपयोगी पडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. अडचण काम संपल्यावर सुरू होते. बांधणारी संस्था किल्ली देऊन निघून जाते. ज्याच्या हाती किल्ली येते त्या मुख्याध्यापकाकडे ना नकाशा असतो, ना सळीचा तपशील, ना कुणाला फोन करायचा हे माहीत. गळती लागली की बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्याचे कार्यालय अभियंत्याकडे बोट दाखवते, अभियंता दुसऱ्या खात्याकडे.

आणि या बोटे दाखवण्याला जाब विचारणारा लोकप्रतिनिधीही मधल्या पायरीवर उरलेला नाही. २०१६ मध्ये निवडून आलेल्या जिल्हा आणि तालुका पंचायत सदस्यांची मुदत २०२१ मध्ये संपली, त्यानंतर वर्षे उलटली तरी निवडणूक झाली नाही. गावची शाळा, उपकेंद्र, अंगणवाडी हे सगळे याच दोन पंचायतींच्या कक्षेतले विषय. जिल्ह्यात १८ आमदार आहेत, पण आमदाराकडे एका शाळेच्या पन्हाळीसाठी जायचे तर त्यालाही ते लहान वाटते आणि जाणाऱ्यालाही. जि. पं. सदस्याकडे मात्र माणूस संध्याकाळी चालत जाऊ शकत होता. इमारतींविषयी लिहिताना निवडणुकीचा विषय कुणाला अवांतर वाटेल, मला तो मुळाशी असलेला वाटतो.

रस्त्यांच्या बाबतीत एक चांगली रीत आपल्याकडे आधीच आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत रस्ता बांधणाऱ्या कंत्राटदारावरच पाच वर्षांच्या नियमित देखभालीचा करार असतो आणि तो बांधकामाच्या निविदेतच येतो. त्यामुळे ज्याला पुढची पाच वर्षे खड्डे बुजवायचे आहेत तो खडीचा थर पातळ टाकताना दोनदा विचार करतो. इमारतींना असलेला दोषदायित्वाचा काळ याहून बराच तोकडा असतो, आणि त्यात कंत्राटदार फक्त बांधकामातला दोष निस्तरतो, पन्हाळी साफ करत नाही. खानापूर आणि बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात प्रत्येक नव्या सरकारी इमारतीच्या निविदेत निदान पाच पावसाळ्यांची देखभाल घालावी. त्याने निविदेची रक्कम वाढेल. वाढू द्या. आज तो खर्च दिसत नाही इतकेच, तो टळत नाही.

हा विषय केवळ गैरसोयीचा असता तर मी इतक्या आग्रहाने लिहिले नसते. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी शाळेचे छप्पर कोसळून सात मुले गेली. तेही पावसाळ्याचेच दिवस होते. कुंभकोणमच्या २००४ मधल्या आगीत ९४ मुले गेल्यानंतर झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की, सुरक्षित इमारत हा मुलाच्या शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. असे असताना छत धोक्याचे आहे म्हणून व्हरांड्यात वर्ग भरवणारा शिक्षक हा आपल्याकडे कौतुकाचा विषय होतो. त्याची धडपड खरी आहे, मी तिला नमस्कार करतो. पण ती बातमी प्रत्यक्षात त्या इमारतीवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याविषयीची असायला हवी.

यावर एक युक्तिवाद हमखास येतो: दहा मुलांच्या शाळा चालवायच्याच कशाला, मोठ्या शाळेत विलीन करा, छपरांचा प्रश्नच मिटेल. शहरात बसून तो पटतोही. आमगाव, गवाळी, पास्तोली, कोंगळा या गावांकडे बघून मात्र तो करता येत नाही. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झाले तेव्हापासून तिथे पक्का रस्ता करणे अवघड आहे, पावसाळ्यात नाले भरले की वाट बंद होते, आणि अस्वलांची भीती बारमाही असते. सहा-सात वर्षांच्या मुलाने त्या वाटेने रोज दुसऱ्या गावी जावे असे कुणी म्हणत असेल तर त्याने एकदा जुलैत ती वाट चालावी. आणि शाळा पुढे कधी बंद करायची असेलच, तरी ती उघडी आहे त्या शेवटच्या दिवसापर्यंत तिचे छप्पर धड असले पाहिजे.

मराठी वाचकांना एक गोष्ट विशेष सांगायची आहे. कामाच्या जागी लावलेल्या फलकावर रक्कम, संस्था, मुदत हे सगळे कन्नडमध्ये असते आणि अंदाजपत्रक इंग्रजीत. ज्या गावात आजी-आजोबांपासून सगळे मराठी वाचतात, तिथे हा फलक असून नसल्यासारखा होतो. भाषिक अल्पसंख्याकांची संख्या १५ टक्क्यांहून जास्त असेल तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व केंद्राने केव्हाच मान्य केले आहे. आपण ते बहुतेक वेळा दुकानांच्या पाट्या आणि सातबारा यांच्यासाठी मागतो. कामांच्या फलकांसाठीही ते मागायला हवे, कारण लोकांना रक्कम कळली की प्रश्न विचारणे आपोआप सुरू होते.

सुरुवात कुठून करायची म्हणाल, तर नोंदवहीपासून. सरकारी इमारतींची नोंदवही ठेवणे ही बांधकाम खात्याची जुनी रीत आहे. ती सगळ्या खात्यांच्या इमारतींसाठी तालुकावार एकत्र करावी: इमारत कुठे, कधी बांधली, कुणी बांधली, छप्पर कसले, शेवटची दुरुस्ती कधी, पुढची जबाबदारी कुणाची. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार ती न मागता प्रसिद्ध करता येते, करायलाच हवी. मग दर एप्रिलमध्ये कनिष्ठ अभियंत्याने छपरावर चढून पाहणी करावी आणि सहीचा कागद शाळेच्या दाराला लावावा. किरकोळ कामाचे पैसे १५ मेच्या आत शाळा सुधारणा समितीच्या खात्यात यावेत. २००१ पासून या समित्या आहेत. गावातल्या सुतार-गवंड्याला हाताशी धरून आठवड्यात काम उरकणे त्यांना कुणी शिकवावे लागणार नाही.

हे सगळे एकदम जिल्हाभर होणार नाही, हे मला कळते. म्हणून पहिली दोन वर्षे फक्त खानापूर तालुका घ्यावा. पाऊस तिथे सर्वांत जास्त आहे, इमारती विखुरलेल्या आहेत, आणि चूक झाली तर ती पहिल्याच जुलैत दिसते. आपल्या ग्रामसभांनी यंदा नव्या समुदाय भवनाचा ठराव बाजूला ठेवून तालुक्याची नोंदवही आणि एप्रिलची पाहणी या दोन गोष्टींचा ठराव करावा, त्याची प्रत तहसीलदार, बीईओ आणि कार्यकारी अभियंता या तिघांकडे पोच घेऊन द्यावी.